हरवलेला रानपिंगळा

नाशिकहून सटाणें, ताहाराबाद, पिंपळनेर ह्या वाटेनें उत्तरेस निघालें म्हणजे सेलबारीचा घाट ओलांडून खानदेशांत प्रवेश होतो. पुढें साक्री व नंदुरबार मागें टाकून प्रकाशें येथें तापी उतरली, कीं समोर सातपुड्याची निळसर भिंत उभी राहते. त्या भिंतीच्या पायथ्याशीं शहादें व तळोदें हीं दोन गांवें आहेत. आज तीं नंदुरबार जिल्ह्यांत मोडतात आणि तो जिल्हा नाशिक महसूल विभागाचा उत्तरेकडील शेवटचा जिल्हा होय. ऊंस, केळी, मिरची यांच्या व्यापारासाठीं ह्या भागाचें नांव सर्वांस ठाऊक आहे. परंतु जगांतील पक्षिशास्त्रज्ञांना शहाद्याचें नांव ठाऊक आहे तें एका वीतभर पक्ष्यामुळें. जो पक्षी ११३ वर्षें कोणा अभ्यासकाच्या दृष्टीस पडला नव्हता, जो नामशेष झाला असेंच बहुतेकांनीं धरून चालावें, तो २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं सकाळच्या उन्हांत शहाद्याजवळच्या डोंगरउतारावर एका निष्पर्ण झाडावर बसलेला आढळला. हा पक्षी म्हणजे रानपिंगळा.

पिंगळा हें नांव मराठी मनाला परकें नाहीं. गांवांतील जुन्या वडाच्या अगर चिंचेच्या ढोलींत राहणारा, तिन्हीसांजेला बाहेर पडून किचकिचाट करणारा ठिपकेदार पिंगळा सर्वांनीं पाहिलेला असतो. पहाटेच्या काळोखांत कंदील घेऊन दारोदार भविष्य सांगत फिरणाऱ्या भिक्षेकऱ्यालाहि पिंगळाच म्हणतात. कारण ह्या पाखराची भाषा त्याला कळते अशी लोकांची समजूत. घुबडाच्या कुळांत जन्मल्यामुळें शकुन-अपशकुनाचें ओझें ह्या पक्ष्याच्या मानेवर पिढ्यान्‌पिढ्या बसलेलें आहे. पोपट रूपानें देखणा व वाणीनें गोड, म्हणून त्याच्या वांट्याला पिंजरा आला. घुबडाच्या वांट्याला दगड आला. दोघांपैकीं अधिक दुर्दैवी कोण हें ठरविणें कठीणच आहे.

गांवचा पिंगळा आणि रानपिंगळा हे दिसावयास भाऊ-भाऊ असले तरी त्यांच्यांत भेद पुष्कळ आहे. गांवच्या पिंगळ्याच्या डोक्यावर व पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांची पखरण असते. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा, करड्या-तपकिरी रंगाचा असतो. त्याच्या पंखांवर व शेपटीवर रुंद पांढरे पट्टे असतात, छातीवर तपकिरी रंगाचा गडद पट्टा येतो आणि त्याखालचें पोट स्वच्छ पांढरें असतें. उंची सारी नऊ इंचांची. मात्र त्याचें डोकें व चोंच देहाच्या मानानें मोठीं, नखें बळकट, आणि पाय दाट पांढऱ्या पिसांनीं झांकलेले, जणूं लोकरी पायमोजे घातलेले. शिवाय तो दिवसां वावरतो. थंडीच्या सकाळीं उंच उघड्या फांदीवर ऊन खात बसावें, शेपटी एकसारखी दोन्ही बाजूंस झटकीत राहावें, आणि खालच्या गवतांत सरडा हलला कीं झेंप घ्यावी, असा त्याचा क्रम असतो. इतका उघडपणें बसणारा पक्षी शतकाहून अधिक काळ कोणास दिसूं नये, हेंच ह्या कथेंतील खरें कोडें आहे.

कथेचा आरंभ मात्र खानदेशांत होत नाहीं. १८७२ च्या डिसेंबरांत फ्रॅन्सिस ब्लूइट नांवाच्या इंग्रज संग्राहकानें हल्लींच्या छत्तीसगडांतील बसना-फुलझर ह्या भागांत एक लहान घुबड मारलें आणि त्याचें कातडें ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे धाडलें. हे ह्यूम म्हणजे पुढें १८८५ सालीं राष्ट्रीय सभेच्या स्थापनेंत पुढाकार घेणारे तेच गृहस्थ. राजकारणाच्या इतिहासांत त्यांचें जें स्थान आहे, त्याहून हिंदुस्थानच्या पक्षिविद्येंतील त्यांचें स्थान तिळभरहि कमी नाहीं. सिमल्याच्या आपल्या घरीं त्यांनीं ऐंशी हजारांवर पक्ष्यांचीं कातडीं जमविलीं होतीं आणि ‘स्ट्रे फेदर्स’ नांवाचें नियतकालिक स्वतः चालविलें होतें. ब्लूइटनें धाडलेला पक्षी आजवर कोणी वर्णिलेला नाहीं हें त्यांनीं ओळखलें आणि १८७३ सालीं ब्लूइटचें नांव जोडून त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें ह्यूम यांच्या पंचवीस वर्षांच्या टिपणांचीं बाडें त्यांच्या एका नोकरानें सिमल्याच्या बाजारांत रद्दीच्या भावानें विकलीं. ग्रंथ लिहिण्याची उमेदच मावळल्यामुळें त्यांनीं आपला सारा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमला १८८५ सालीं देऊन टाकला. ह्या दानाशीं रानपिंगळ्याच्या नशिबाची गांठ पुढें विचित्र रीतीनें पडावयाची होती.

दुसरा नमुना १८७७ सालीं भूगर्भ खात्यांतील व्हॅलेंटाइन बॉल यांना ओरिसांतील खरियार येथें मिळाला. त्यानंतर दृश्य बदलतें आणि पडदा पश्चिम खानदेशावर उघडतो. मुंबई इलाख्याच्या मुलकी नोकरींतील जेम्स डेव्हिडसन हा अधिकारी त्या सुमारास ह्या मुलखांत होता. जमाबंदीच्या निमित्तानें फिरावें, फिरतां फिरतां पक्षी टिपावे, आणि रात्रीं तंबूंत दिव्याजवळ बसून कातडीं काढून त्यांत कापूस भरावा, अशा त्या काळच्या कित्येक हौशी अंमलदारांपैकीं तो एक होता. १८८० पासून १८८४ पर्यंत त्याला शहादें व तळोदें ह्या बाजूच्या रानांत हा पक्षी अनेकदां आढळला आणि त्यानें त्याचे आणखी नमुने मिळविले. सर्व मिळून जगांतील संग्रहालयांत रानपिंगळ्याचे सात नमुने जमा झाले. त्यांतील बहुतेक खानदेशचे. १८८४ नंतर आठवा मिळाला नाहीं.

मिळाला नाहीं, कीं शोधलाच गेला नाहीं? डेव्हिडसनची बदली झाली, ह्यूम पक्षिविद्येंतून निवृत्त झाले, आणि सातपुड्याच्या पायथ्याशीं बंदुकीबरोबर वही बाळगणारा अंमलदार पुन्हां आला नाहीं. पक्षी होता तेथेंच होता. अक्राणीच्या डोंगरांतील भिल्ल व पावरा लोक त्याला रोज पाहत असले पाहिजेत; पण त्यांना विचारावयास कोणी गेलें नाहीं. ज्ञानाचा प्रवाह लंडनच्या कपाटांतून निघावा व तेथेंच परत जावा, ही त्या काळची रीतच होती.

ह्यांत भर पडली ती एका असत्याची. कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन हा ब्रिटिश सैन्यांतील अधिकारी पक्षिसंग्राहक म्हणून मोठा नांवाजलेला होता. त्याच्या संग्रहांत रानपिंगळ्याचा एक नमुना होता, आणि त्यावरील चिठ्ठीप्रमाणें तो त्यानें १९१४ सालीं गुजराथेंतील तापीकांठच्या मांडवी येथें स्वतः मारलेला होता. त्याचा सुमारें वीस हजार पक्ष्यांचा संग्रह १९५४ सालीं ब्रिटिश म्यूझियमला मिळाला, तेव्हां ही नोंदहि शास्त्राच्या पदरीं पडली. १८८४ नंतरची एकमेव नोंद म्हणून ती पुस्तकांतून सर्वत्र उतरली आणि जो शोधावयास निघेल त्याची पावलें साहजिकच मांडवीकडे वळूं लागलीं.

शोधावयास निघालेले लोक लहान नव्हते. हिंदुस्थानच्या पक्षिविद्येचे भीष्माचार्य डॉ. सलीम अली आणि अमेरिकेच्या स्मिथ्‌सोनियन संस्थेचे प्रमुख डिलन रिप्ले यांनीं १९७० नंतरच्या दशकांत ह्या पक्ष्याचा माग काढण्याचा यत्न केला. हाताला कांहींच लागलें नाहीं. अधूनमधून कोणी छायाचित्र दाखवी, कोणी दिसल्याची वार्ता आणी. पण नीट तपासलें असतां तो गांवचा ठिपकेदार पिंगळाच ठरे. पुस्तकांतील चित्रें देखील वाळलेल्या कातड्यांवरून काढलेलीं. जिवंत पक्षी कसा बसतो, कसा ओरडतो, हें जगांत कोणालाच सांगतां येत नव्हतें. सलीम अली १९८७ सालीं वारले. रानपिंगळा त्यांना अखेरपर्यंत भेटला नाहीं.

ह्या असत्याची गांठ सुटली ती रानांत नव्हे, संग्रहालयांत. पामेला रॅस्मुसेन ह्या अमेरिकन विदुषी रिप्ले यांच्या ग्रंथयोजनेच्या कामीं दक्षिण आशियांतील पक्ष्यांचे जुने नमुने तपाशीत होत्या. माइनर्ट्‌झहागेनच्या नोंदींविषयीं कुजबूज पूर्वीपासून होती. संग्रहालयाचा माल हातोहात नेल्याच्या संशयावरून त्याला एकदां पक्षिदालनांत मज्जावहि झालेला होता. १९९३ सालीं ॲलन नॉक्स ह्या अभ्यासकानें त्याच्या कांहीं नमुन्यांतील लबाडी पुराव्यानिशीं उघड केली. रॅस्मुसेन यांनीं नायजेल कॉलर यांच्यासह रानपिंगळ्याचा मांडवीचा नमुना हातीं घेतला. पक्ष्यांत कापूस भरण्याची प्रत्येक संग्राहकाची एक धाटणी असते. ती हस्ताक्षरासारखी लपत नाहीं. मांडवीच्या नमुन्याची शिवण उसवून त्यांत नवें भरण घातलेलें होतें, तरी क्ष-किरणांच्या साह्यानें व बारीक निरीक्षणानें आंतील मूळच्या हाताच्या खुणा उघडकीस आल्या. तो हात जेम्स डेव्हिडसनचा होता. म्हणजे खानदेशांत मारलेला, म्यूझियममध्यें ठेवलेला पक्षी माइनर्ट्‌झहागेननें तेथून उचलला, त्याला नवा अंगरखा घातला व आपल्या नांवाची चिठ्ठी बांधली. डेव्हिडसननें आपले पक्षी टिपले तेव्हां १८७८ सालीं जन्मलेला हा कर्नल फार तर पांच-सहा वर्षांचा बालक असेल. हा सर्व शोध १९९९ सालीं सविस्तर प्रसिद्ध झाला. चोरी एका वाळक्या कातड्याची. पण तिनें एका जिवंत जातीचा पत्ता बदलून टाकला होता, आणि म्हणूनच तिची गणना क्षुल्लक अपराधांत करतां येत नाहीं.

मांडवी खोटी ठरली म्हणजे खरीं स्थळें कोणतीं तें आपोआपच उरलें. १९९७ च्या नोव्हेंबरांत रॅस्मुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट असे तिघे अमेरिकन हिंदुस्थानांत आले. त्यांनीं सातहि नमुन्यांचें बारकाईनें अध्ययन केलें होतें, त्यामुळें कोऱ्या माथ्याकडे आणि रुंद पट्ट्यांकडे लक्ष द्यावयाचें हें त्यांस पक्कें ठाऊक होतें. प्रथम ते पूर्वेकडे, ब्लूइट व बॉल यांच्या जुन्या स्थळीं गेले. तेथें बहुतेक रान शेतांनीं गिळलेलें होतें व पक्ष्याचा मागमूस नव्हता. मग डेव्हिडसनच्या खानदेशाकडे मोर्चा वळला. शहाद्याजवळच्या डोंगरांत २५ तारखेच्या सकाळीं हिंडतां हिंडतां बेन किंग यांची नजर एका लहान घुबडावर गेली. माथा कोरा होता. पाय पांढरेशुभ्र होते. पक्षी उडून जाईल ह्या धास्तीनें त्याच्यावरून दृष्टि न काढतां तिघांनीं एकेक खूण पडताळून पाहिली, छायाचित्रें व चलच्चित्रें घेतलीं, आणि मगच शंका सोडली. डेव्हिडसन सत्य सांगत होता. शंभरांवर वर्षांनंतरहि त्याचा पत्ता बरोबर होता.

ह्यानंतर अभ्यासाची धुरा मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें उचलली. १८८३ पासून चालत आलेल्या ह्या संस्थेच्या वतीनें फराह इश्तियाक व असद रहमानी यांनीं तोरणमाळच्या रानांत ह्या पक्ष्याच्या दिनचर्येचा प्रथमच पद्धतशीर अभ्यास केला. पुढें गिरीश जठार यांनीं तें काम वाढविलें. त्यावरून कळून आलें तें असें. रानपिंगळ्याला घनदाट, काळोखी अरण्य नको असतें. त्याला हवें असतें साग, सालई, ऐन यांचें विरळ, कोरडें, पानगळीचें रान, ज्यांत खालीं गवत असेल आणि मधूनमधून उघडीप असेल. सरडे, सापसुरळ्या, उंदीर, घुशी, नाकतोडे हें त्याचें अन्न. दिवाळीच्या सुमारापासून उन्हाळ्यापर्यंत त्याचा विणीचा काळ असतो. मादी ढोलींत बहुधा दोन अंडीं घालून त्यांवर बसते, आणि नर शिकार आणून तिला भरवितो. घरटें म्हणजे झाडाच्या खोडांतील ढोली. ती त्याला स्वतः पाडतां येत नाहीं, सुतार पक्ष्यानें अगर कालानें पोखरलेली तयारच मिळावी लागते. साऱ्या व्यवहाराचें मर्म ह्या एका गोष्टींत आहे. ढोली तरण्या झाडाला पडत नाहीं. ज्या रानांतील जुने साग सरपणासाठीं, घरासाठीं किंवा गुत्तेदाराच्या फायद्यासाठीं निघून जातात, तेथें कोंवळी झाडी कितीहि वाढली तरी रानपिंगळ्याला घर मिळत नाहीं.

आतां ह्या रानाची कथा पक्ष्याच्या कथेहून लांब आहे व दुःखद आहे. कंपनी सरकारनें १८१८ नंतर खानदेश घेतला, तेव्हां सातपुड्यांतील भिल्ल नायकांनीं प्रतिकार केला. १८२५ सालीं जेम्स औट्रम यानें त्यांच्यांतूनच भिल्ल पलटण उभी केली. मागाहून १८७८ चा जंगल कायदा आला, सागाला सरकारी शिक्का बसला, आणि पिढीजात रानवासी आपल्याच रानांत गुन्हेगार ठरूं लागले. डेव्हिडसन पक्षी टिपीत होता तीं हीच वर्षें. स्वातंत्र्यानंतरहि रानाला स्वस्थता लाभली नाहीं. नर्मदेवरील सरदार सरोवराखालीं महाराष्ट्राचीं ३३ गांवें आलीं, तीं सर्व अक्राणी व अक्कलकुवें ह्या तालुक्यांतलीं. आणि त्यांतील विस्थापितांना वसविण्यासाठीं तळोदें तालुक्यांतील राखीव वनाचा मोठा पट्टा १९९० नंतर मोकळा करण्यांत आला. म्हणजे ज्या तळोद्याच्या रानांत डेव्हिडसनला रानपिंगळा भेटला, त्याच रानाचा एक भाग तोडून तेथें नर्मदाकांठच्या बेघर माणसांना शेत द्यावें लागलें. ह्यांत दोष कोणाच्या माथीं मारावा? ज्याचें गांव बुडालें त्याच्या नव्या नांगराला दूषण देण्याचा अधिकार निदान शहरांत बसून वीज जाळणाऱ्यांना नाहीं. २००६ सालच्या वनाधिकार कायद्यानें रानवासीयांच्या जुन्या वहिवाटीला न्याय देण्याचा यत्न केला आहे, आणि तो उशिराचा असला तरी योग्यच होता. परंतु त्याच्या आडोशानें कांहीं ठिकाणीं नवीं अतिक्रमणेंहि वाढलीं, व जळगांव जिल्ह्यांतील यावल अभयारण्यासारख्या संरक्षित क्षेत्रांतहि झाडांवर कुऱ्हाड चालली, ही गोष्टहि तितकीच खरी आहे. अभ्यासकांनाहि पुढें उमगलें कीं, पाड्यावरच्या माणसांना बाजूस सारून हा पक्षी राखतां येणार नाहीं. ढोलीचें झाड कोणतें आणि यंदा त्यांत कोण बसलें आहे, हें तेथल्या गुराख्याहून अधिक कोणास कळणार?

दुसरें संकट मनांतलें आहे. घुबडाचीं नखें, पिसें, कवटी, अंडीं यांचा जादूटोण्यासाठीं व गुप्तधनाच्या लोभानें उपयोग करणारे मांत्रिक अद्यापि आहेत, आणि लक्ष्मीपूजनाच्या आगेमागें घुबडांच्या चोरट्या व्यापाराला ऊत येतो. ज्या दिवाळींत रानपिंगळ्याच्या विणीस आरंभ होतो, त्याच दिवाळींत त्याच्या जातभाईंचा बळी जातो. घुबड हें लक्ष्मीचें वाहन मानावयाचें आणि लक्ष्मीच्याच नांवानें त्याचा गळा कापावयाचा, ह्यांतील तर्क कोणा पंडितानें उलगडून सांगितलेला नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें रानपिंगळ्याला पहिल्या परिशिष्टांत, म्हणजे वाघाच्या पंक्तीस बसविलें आहे. शेतांतील उंदरांसाठीं टाकलेलें विष मात्र परिशिष्ट वाचीत नाहीं. विष खाऊन मरणाऱ्या उंदरावरच हा पक्षी जगतो.

असें असूनहि १९९७ नंतरचीं वर्षें केवळ निराशेचीं गेलीं नाहींत. मेळघाटच्या रानांत रानपिंगळा चांगल्या संख्येनें सांपडला, यावलला आढळला, सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशांत खकनारकडेहि दिसला. २०१४ सालीं तर त्यानें सर्वांस चकित केलें. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या तानसा तलावाभोंवतालच्या अभयारण्यांत तो पाहण्यांत आला. सातपुड्याचा समजला जाणारा पक्षी सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, मुंबईपासून कांहीं तासांच्या अंतरावर राहत होता, आणि तेथून पक्षिनिरीक्षकांच्या किती पिढ्या येऊन गेल्या होत्या! गुजराथेंतील डांगच्या पूर्णा अभयारण्यांतहि त्याच सुमारास तो आढळला. ह्या नव्या ठिकाणांमुळें २०१८ सालीं आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघानें त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ ह्या वर्गांतून ‘संकटग्रस्त’ ह्या त्याखालच्या वर्गांत आणलें. त्यामुळें कोणी हुरळून जाण्याचें कारण नाहीं; साऱ्या पृथ्वीवर मिळून त्याचे प्रौढ पक्षी हजाराच्या आंत असावेत असाच अंदाज आहे, आणि ते सर्व मध्य हिंदुस्थानच्या ह्या एवढ्याशा टापूंत.

एक विचार नाशिककरांच्या मनांत आल्यावांचून राहणार नाहीं. उत्तरेस शहादें, पश्चिमेस डांग, दक्षिणेस तानसा, ह्या तिहींच्या मध्यें नाशिक जिल्ह्यांतील सुरगाणें, पेठ व हरसूल यांचा डोंगराळ मुलूख येतो. डांग व सुरगाणें यांमधील सरहद्द नकाशावर दोन राज्यें वेगळीं करते. रान मात्र दोहों अंगांस एकाच जातीचें आहे. तेथेंहि साग आहे, सरडे आहेत, थंडीच्या सकाळीं उघड्या फांदीवर पडणारें ऊनहि आहे. तेथील जुन्या झाडांच्या ढोली निरखावयाच्या तर मार्गशीर्ष-पौषाचे महिने चांगले. पानगळ होऊन रान मोकळें झालेलें असतें, आणि जो पिंगळा दिवस वर आल्यावरहि आंत न जातां शेपटी झटकीत बसलेला दिसेल, त्याचा माथा अगोदर पाहावा.